साखळीचा आवाज कुठे ऐकू येतो?

खडकवासल्याचं धरण मागे पडलं की रस्ता पाण्याच्या कडेकडेने डोणज्याकडे निघतो. पहाटेचे पावणेसहा वाजलेले असतात. चौपाटीवरच्या कणसांच्या आणि भज्यांच्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या असतात, पाण्यावर धुकं असतं. इथे, पहिल्या वळणाच्या आसपास, मला माझ्या सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येतो. आदल्या रात्री तेल घातलं असेल तर ती नुसती सळसळते, पावसाने कोरडी पडली असेल तर कुरकुरते. सदाशिव पेठेतल्या माझ्या घरापासून ही जागा 20 किलोमीटरवर आहे. एवढा वेळ साखळी फिरतच होती, पण शहराच्या गोंगाटात तिचा आवाज माझ्या कानापर्यंत पोचत नव्हता.

एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी 1985 ते 2022 अशी 37 वर्षं नोकरी केली. बदल्या झाल्या नागपूर, कोल्हापूर, नाशिक, मुंबई, पणजी अशा, आणि शेवटी परत पुणे. प्रत्येक बदलीत सामानाच्या ट्रकवर सायकल सगळ्यात शेवटी चढायची आणि नव्या गावी सगळ्यात आधी उतरायची. तिच्याबरोबर एक हिशेबाची लांब वही असायची. तारीख, निघाल्याची वेळ, वारा, पंक्चर, परत आल्याची वेळ हे सगळं त्या वहीत असे. आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा, घरापासून किती किलोमीटरवर साखळीचा आवाज ऐकू आला तो. मी त्याला सुटकेचं अंतर म्हणते.

हौसेने सायकल चालवायला कोणतं शहर चांगलं, असं मला पुष्कळ जण विचारतात. हवा कशी आहे, सायकलपट्टी किती लांब आहे, चढ आहेत का, हे प्रश्न त्याच्यामागोमाग येतात. ते प्रश्न बरोबरच आहेत. पण माझा पहिला प्रश्न सुटकेच्या अंतराचा असतो, आणि त्याला साधा हिशेब आहे. माझा वेग ताशी 15 किलोमीटर. रविवारी सकाळी घरच्या कामांआधी मला तीन तास मिळतात, म्हणजे जाऊन-येऊन 45 किलोमीटर. सुटकेचं अंतर 5 असेल तर त्यातले 35 किलोमीटर माझे. तेच अंतर 20 झालं तर माझ्या वाट्याला 5 उरतात. बाकीचे 40 बस, टेम्पो आणि सिग्नलमध्ये जातात. कामावर सायकलने जाणाऱ्याला शहरातल्या शहरात नीट पोचायचं असतं, त्याची गरज वेगळी. हौशी माणसाला शहरातून बाहेर पडून पुन्हा परत यायचं असतं. त्याच्यासाठी शहराची वेस किती लांब आहे, हीच पहिली गोष्ट.

पुणे: पाचाचे वीस

मी सायकल शिकले ती 1970 साली, तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर. पुण्याला तेव्हा सायकलींचं शहर म्हणत आणि ते अक्षरशः खरं होतं. कॉलेजच्या दिवसांत मी आणि माझी मैत्रीण रविवारी निघायचो. दांडेकर पूल, पर्वतीचा पायथा आणि मग विठ्ठलवाडी. विठ्ठलवाडीला पोचेपर्यंत वस्ती विरळ व्हायची, एका बाजूला मुठा आणि दुसऱ्या बाजूला शेतं. घरापासून 5 किलोमीटरवर आमच्या गप्पा हळू आवाजातही एकमेकींना ऐकू येऊ लागायच्या. सुटकेचं अंतर हा शब्द तेव्हा मला सुचला नव्हता, सुचायची गरजही नव्हती.

आज त्याच रस्त्यावर विठ्ठलवाडी, आनंदनगर, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी अशी सलग वस्ती आहे. पाचाचे वीस झाले ते एका रात्रीत झाले नाहीत. वहीत ते एकेक किलोमीटरने सरकताना दिसतं.

तरी पुण्याकडे एक ठेव आहे, ती म्हणजे घाट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा 1,300 मीटरच्या वर. पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा घाट सुमारे 9 किलोमीटरचा आहे. सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर वर चढलात. पायी चालताना हा चढ फारसा जाणवत नाही. सायकलवर तो मांडीतून थेट श्वासात येतो. काही वळणांवर चढ सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, तिथे मी आजही उतरून दोन मिनिटं उभी राहते. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. बोपदेव, दिवे आणि कात्रज हे घाटही शहराच्या उंबऱ्यावरच आहेत. चढाची हौस असलेल्या माणसाला एवढे घाट एवढ्या जवळ देणारी मोठी शहरं देशात थोडी असतील.

पुण्याचा वाराही सायकलवाल्याच्या बाजूचा आहे. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. सिंहगडाकडे जाताना तो छातीवर घ्यावा लागतो, पण दमून परत येताना तोच पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडतो.

नागपूर: घड्याळाचं शहर

1991 साली नागपूरला बदली झाली तेव्हा पुण्यातल्या सगळ्यांनी मला उन्हाची भीती घातली. ऊन खरंच कडक होतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि सकाळी आठनंतर सायकलची मूठ तापायला लागते. पण नागपुरात मला एक गोष्ट उमगली. हे शहर इतकं पूर्वेला आहे की तिथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. घड्याळ मात्र सगळीकडे एकच. कामावर जाण्याची वेळ तीच असल्यामुळे सकाळी उजेडाची ती 25 मिनिटं जादा हातात येतात. मी पावणेपाचला निघून सातला घरी असायचे.

धरमपेठेतून फुटाळा तलाव, तिथून सेमिनरी हिल्सचा हलका चढ, मग सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवरची जुनी झाडं. वहीत आकडा आहे 3. एवढ्या मोठ्या शहरात, शहर न सोडता, तीन किलोमीटरवर साखळी ऐकू यायची.

एकट्या बाईने अंधारात सायकलवर निघायचं म्हणजे काय, हे नागपुरात मी नीट शिकले. रस्ता शांत हवा, पण निर्मनुष्य नको. फुटाळ्याच्या काठावर पाच वाजता फिरायला आलेली म्हातारी माणसं असायची, दूधवाले असायचे, पहाटे अभ्यासाला निघालेली मुलं असायची. ते मला ओळखायचे, मी त्यांना. एक आजोबा तर मी दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशी करायचे. त्यांच्यामुळे तो रस्ता माझा झाला. पुढे प्रत्येक शहरात रस्ता निवडताना मी आधी पाहिलं की पहाटे तिथे कोण कोण जागं असतं.

नागपूर सपाट आहे, त्यामुळे नवशिक्याला फार चांगलं. लांब जायचं असेल तर रामटेक सुमारे 50 किलोमीटर, गडाच्या पायथ्यापर्यंत दम लागेल असा चढ लागत नाही. थंडीत सकाळी निघून मंदिर पाहून दुपारपर्यंत परत येता येतं. परतताना तर्री-पोह्यांची एक प्लेट मी स्वतःला कबूल केलेली असायची. अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये जगभर नाव झालेले डॉ. अमित समर्थ याच शहराचे. 2017 साली त्यांनी अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. सपाट आणि तापलेल्या रस्त्यांवर तासन् तास एका लयीत पाय फिरवायची सवय काय असते, ते मला नागपुरात राहिल्यामुळे थोडं तरी कळतं.

कोल्हापूर: पंक्चरवाले काका

कोल्हापुरात आकडा 4. रंकाळ्याला एक फेरी मारायची, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची की दोन्ही बाजूंना ऊस. तिथून वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ, आणि मग पन्हाळ्याचा घाट. शहरापासून पन्हाळा 20 किलोमीटर. बहुतेक रस्ता सपाट आणि खरा चढ शेवटच्या टप्प्यात, त्यामुळे अंग तापल्यावरच घाट लागतो. हौशी माणसासाठी इतकी नेमकी आखलेली वाट मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि परतल्यावर गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध.

पण तिथे एक ऋतू सायकलवाल्याच्या विरोधात जातो. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. एका जानेवारीत अशाच एका ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाने माझा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत खरचटला. तोल सांभाळत मी साइडपट्टीवर उतरले ती टायरमध्ये बाभळीचा काटा घेऊनच.

केर्लीजवळ एका चिंचेखाली पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, एक घमेलं आणि एक काका. काकांनी आधी माझ्या दंडाकडे पाहिलं, मडक्यातलं पाणी दिलं आणि मगच चाकाकडे वळले. दोन पान्यांनी टायर उचकटून त्यांनी ट्यूब बाहेर काढली, थोडी हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात वीतवीत दाबत पुढे सरकवली. एका जागी मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे आले. तिथे त्यांनी काडीने खूण केली, ट्यूब पुसली, कानशीने घासून खडबडीत केली, सोल्युशन लावलं आणि फुंकर घालत थांबले. "घाई केली की ठिगळ निघतं बघा, ताई," ते म्हणाले. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं तेव्हा ठिगळ बसवलं, वर हातोडीचे चार ठोके. मग टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवून तो काटा शोधून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा राहिला असता तर पुढच्या फाट्यावर परत बसला असता."

तेव्हापासून शहरांची तुलना करताना माझ्या वहीत एक रकाना वाढला, वाटेत सायकलचं पंक्चर काढणारं कोणी आहे का. आज पुण्यात तो रकाना बहुधा रिकामा राहतो. पेठांमधली सायकलची दुकानं कमी झाली. मोटरसायकलचं पंक्चर काढणारे रस्तोरस्ती आहेत, पण नव्या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हला त्यांच्या हवेची नळी बसत नाही. त्यासाठी पितळेचा एक छोटा जोड मिळतो. तो आणि एक जादा ट्यूब मी खोगिराखालच्या पिशवीत कायम ठेवते. या दोन गोष्टी घेतल्याशिवाय कोणी शहराबाहेर पडू नये.

नाशिक: जमलेली माणसं

नाशिकमध्ये मी 2003 ते 2008 होते. गंगापूर रोडने सोमेश्वर, पुढे धरण, पुढे गिरणारे. आकडा 6. थंडीत द्राक्षबागांमधून जाताना हात बधिर व्हायचे, ब्रेक दाबला आहे की नाही ते कळायचं नाही, म्हणून मी तिथे लोकरीचे मोजे हातात घालायचे. दुसरी वाट त्र्यंबकेश्वरची, सुमारे 28 किलोमीटर. रस्ता सपाट दिसतो, पण त्र्यंबक नाशिकपेक्षा वर आहे. जाताना का दमायला होतंय ते कळत नाही आणि येताना आपण एवढ्या वेगात कसे चाललो तेही कळत नाही. डाव्या हाताला अंजनेरी, समोर ब्रह्मगिरी, आणि पावसाळ्यात दोन्हींवरून उतरणारं पाणी.

नाशिकने मला दाखवून दिलं की शहर सायकलचं होतं ते माणसांमुळे. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. मी तोवर नाशिक सोडलं होतं, पण तिथल्या मैत्रिणींचे फोन यायचे. शेजारची मधुमेही बाई, शाळेतली शिक्षिका, भाजीवाला, सगळे सायकली घेऊन निघू लागले होते. तिथून पंढरपूरला सायकलवारी निघते, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाया त्यात विठ्ठलाचं नाव घेत पायडल मारतात. पन्नाशीनंतर माणूस एकटा सायकलवर निघायला बिचकतो. चौकात दहा जण वाट पाहत उभे असले की तो निघतो.

मुंबई आणि पणजी: पाण्यापलीकडे

मुंबईत माझा आकड्यांचा हिशेब मोडला. बोरिवलीहून कुठेही निघा, वेस लागतच नाही. तिथे सुटका अंतराने मिळत नाही, वेळेने मिळते. रविवारी पहाटे साडेचार ते साडेसहा हे दोन तास शहर रस्ता मोकळा सोडतं. मरीन ड्राइव्हच्या साडेतीन किलोमीटरच्या कमानीवर त्या वेळी सायकलींच्या दिव्यांची रांग असते. समुद्राचा आवाज एका कानात, साखळीचा दुसऱ्या.

मुंबईचं खरं देणं मला दोन ठिकाणी मिळालं. पहिलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. दारातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा झाडीतला रस्ता, शेवटी चढ. ज्याच्याकडे सायकल नाही त्याला तिथे भाड्याने मिळते. दुसरं गोराईची खाडी. धक्क्यावर सायकल होडीत चढवायची आणि पलीकडे उतरलं की मुंबई नाहीशी. गोराई, उत्तन, मच्छी सुकत घातलेल्या बांबूच्या रांगा, मग मनोरीहून दुसरी होडी घेऊन मार्वेला यायचं. त्याच मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू या दोन्हींवर सायकलला बंदी आहे. इतक्या मोठ्या शहरात सायकलवाल्यासाठी आजही जुनी होडीच कामाला येते.

पवईची गोष्टही सांगायला हवी. तलावाकाठी सायकलचा मार्ग बांधायला घेतला होता. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि तलावाची जागा पूर्ववत करायला सांगितली. सायकल हा माझा जीव की प्राण आहे, तरी मला तो निकाल पटला. आपल्या विरंगुळ्यासाठी तलावाचा काठ बुजवायचा नसतो. मोटारींना दिलेल्या जागेतला एक तुकडा सायकलला मिळावा, एवढंच मागणं रास्त आहे.

पणजीत पुन्हा होडी भेटली, पण तिथे ती शहराच्या हाताशी होती. पाटो पुलावरून रायबंदरच्या जुन्या बांधावर यायचं. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला हा बांध सुमारे तीन किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना दलदल आणि मिठागरांच्या खुणा. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला किंवा जुन्या गोव्यातून दिवाडीला फेरीबोट. माझ्या वेळी सायकलला तिकीट नव्हतं. बोटीचं लोखंडी फळकूट किनाऱ्याला टेकलं आणि मी चोडणला उतरले की लगेच साखळी बोलायची. आकडा 6. खारफुटीतून जाणारा रस्ता, खाजन शेतांचे बांध, पाण्यात उभे बगळे. आणि तिथे सकाळी दुसरी एक सायकल हमखास भेटायची, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. मागे पावांची मोठी टोपली, हँडलवर रबरी भोंगा. सायकल जिथे अजून कोणाच्या तरी चुलीला जोडलेली असते, तिथे हौशी सायकलवाल्यालाही रस्त्यावर मान मिळतो, असा माझा अनुभव आहे. समुद्राच्या हवेने साखळी मात्र आठवड्यात गंजायची. तेलाची कुपी तिथे मी सगळ्यात जास्त वापरली.

उट्रेख्त: आकडा शून्य

माझी मुलगी नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहते. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे दीड महिना होते. पहिल्या सकाळी सायकल घेऊन दाराबाहेर पडले, पायडल मारलं आणि थांबले. साखळीचा आवाज दारातच येत होता. वहीत मी पहिल्यांदा 0 लिहिलं.

तिथल्या स्टेशनखाली 12,500 सायकली ठेवता येतात, हे पाहून सगळे थक्क होतात. मी थक्क झाले ते तिच्या गल्लीतल्या एका पाटीने. रस्ता लाल डांबराचा होता. पाटीवर पुढे सायकलस्वार, मागे मोटार, आणि खाली डच भाषेत लिहिलेलं होतं. मुलीने अर्थ सांगितला, "आई, गाडी इथे पाहुणी आहे." मोटारीला बंदी नाही, तिने फक्त पाहुण्यासारखं सायकलच्या मागून यायचं. चार किलोमीटरवर आमेलिसवेर्दचं जंगल, नदीकाठची वाट. पुढच्या वाटा क्रमांकांनी बांधलेल्या. प्रत्येक तिठ्यावर एक आकडा आणि पुढच्या तिठ्यांकडे बाण. घरून निघताना कागदावर पाच आकडे लिहून घ्यायचे आणि त्या माळेने फिरून यायचं. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममध्ये 1995 च्या सुमारास निघाली आणि डच लोकांनी ती देशभर उचलली. डोंगर नाहीत, पण वारा आहे, आणि तो सिंहगडाच्या घाटाइतका दमवतो.

"त्यांचं सगळं पहिल्यापासूनच तसं," असं आपल्याकडे म्हटलं जातं. तसं नाही. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. मग मुलांचे मृत्यू थांबवा म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले आणि धोरणं बदलू लागली. उट्रेख्तने तर सत्तरच्या दशकात शहराभोवतीच्या जुन्या कालव्याचा एक भाग आटवून तिथे मोटारींचा रुंद रस्ता केला होता. तो रस्ता उखडून 2020 मध्ये त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. मी त्या काठावर बसून डबा खाल्ला. समोरून लोक होड्या वल्हवत चालले होते.

आणि ज्यांच्याकडे असा पैसा नाही त्यांनी काय करायचं? कोलंबियाच्या बोगोता शहराकडे बघायचं. तिथे 1974 साली सुरू झालेल्या प्रथेप्रमाणे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन मुख्य रस्त्यांचं शंभरहून अधिक किलोमीटरचं जाळं मोटारींसाठी बंद असतं. लोक सायकली घेऊन उतरतात. नवं बांधकाम लागत नाही. अडथळे उभे करायचे, माणसं नेमायची, दुपारी सगळं उचलायचं. सुटकेचं अंतर कमी करायला तिथे ठाम निर्णय आणि दर रविवारची शिस्त पुरली.

तुमच्या शहराचं माप

हे माप कोणालाही घेता येतं. एखाद्या रविवारी उजाडायच्या आधी निघा. साखळीला फार तेल घालू नका. आवाज ऐकू आला की थांबून घरापासूनचं अंतर लिहा. तिथे आसपास माणसं आहेत का, पाणी मिळतं का, पंक्चर झालं तर काय, हे पाहा. परतीच्या वेळी तोच रस्ता किती बदललेला असतो तेही लिहा, कारण साडेआठला शहर जागं झालेलं असतं आणि आपण दमलेले असतो. असे तीन-चार रस्ते तपासले की शहराचा नकाशा तुमच्या पायांनी काढलेला असेल. नव्या माणसाने घाटाच्या मागे लागू नये. दहा किलोमीटर सपाट, महिनाभर, मग पाच वाढवावेत.

माझ्या वहीत पुण्याच्या पानांवर 5 पासून 20 पर्यंतचे आकडे आहेत. त्यांच्यामध्ये एकच पान वेगळं आहे. जून 2020. टाळेबंदीचे अडीच महिने संपत आले होते आणि राज्य सरकारने पहाटे पाच ते संध्याकाळी सातपर्यंत व्यायामासाठी बाहेर पडायला, सायकल चालवायला परवानगी दिली होती. मी मास्क लावून निघाले. रस्त्यावर दुःख होतं, दुकानं बंद होती, एका वाड्याच्या दाराला पत्रा ठोकलेला होता. ते दिवस कोणाला पुन्हा नकोत. पण अलका टॉकीजच्या चौकात वळले आणि साखळी ऐकू आली. घरापासून अर्धा किलोमीटर. शास्त्री रस्त्याने दांडेकर पुलापर्यंत ती ऐकू येत राहिली.

त्या दिवशी मला कळलं की विठ्ठलवाडी कुठेही गेलेली नाही. शहराची वेस आपणच गोंगाटाने ढकलत ढकलत खडकवासल्याला नेली आहे, आणि जे ढकललं ते मागेही घेता येतं. महिन्यातून एका रविवारी, पहाटे पाच ते आठ, सिंहगड रस्त्याची एक बाजू सायकलींना द्या, एवढंच मी महापालिकेला पत्रात लिहून मागितलं आहे. पत्राबरोबर वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, 1981 च्या आणि जून 2020 च्या. शेवटच्या रकान्यातल्या आकड्यांभोवती लाल पेनाने गोल केला आहे.